लाँचची डावी बाजू

घासायच्या मशीनचा आवाज एकदम मोकळा झाला, तेव्हा ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. लाकडाला टेकलेलं असलं की ते दबक्या आवाजात गुरगुरायचं. आता ते क्षणभर नुसतंच किंचाळलं आणि बंद पडलं. मग काहीच नाही. हातातला टॉवेल तसाच टाकून ती गॅलरीत गेली.

मिस्त्री टेबलापाशी बसले होते. चाळीस वर्षं फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे केलेला माणूस. तिथे सगळे मिस्त्री म्हणायचे, म्हणून घरात तीही नवऱ्याला मिस्त्रीच म्हणायची. समोर हातभर लांबीची लाकडी लाँच होती, प्रवासी बोटीची प्रतिकृती. अशाच लाँचने ते पूर्वी पलीकडच्या काठाला कामावर जायचे. ती धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीत बसायची. समोरची लाँच मुद्दाम चुकवून पुढच्या लाँचची वाट बघत हे तिच्या खिडकीशी उभे राहायचे. तसल्या लाँच कधीच भंगारात गेल्या. एकीचाही फोटो कुणाकडे नव्हता. मिस्त्री आठवेल तशी घडवत होते.

लाँचच्या डाव्या बाजूला सुपारीएवढं भोक पडलं होतं. आतून कोरून पातळ केलेली फळी मशीनने खाऊन टाकली होती.

"लाकूडच पोचट निघालं," ती म्हणाली.

 मिस्त्रींचा उजवा हात टेबलावर होता, आणि मशीन बंद झालं तरी तो थरथरत होता.

आजवर मशीनने हेच तर झाकलं होतं. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर लेकीने पटाशी आणि सुऱ्या उचलून कपाटात कुलपात ठेवल्या. बदल्यात हे मशीन आणून दिलं. मुठीत मावणारं, पुढे बोटाएवढा पॉलिश पेपरचा पट्टा गरगर फिरणारं. ते चालू असलं की हात थरथरतोय की मशीन, हे बघणाऱ्याला कळायचं नाही. जेवायला हाक मारली तरी मिस्त्री ते बंद करायला राजी नसत.

दुपारी ते आडवे झाले की ती टेबलाशी यायची. सकाळी जिथे खड्डा पडला असेल तिथे लाकडाचा भुसा सरसात कालवून भरायची. वाळला की पॉलिश पेपरने हलकेच घासायची, आवाज न करता. दोन महिने हे चाललं होतं. संध्याकाळी मिस्त्री लाँच डोळ्यांपुढे धरून म्हणायचे, "आज बरी उतरली."

"उतरणारच. हात कुणाचा आहे?" ती म्हणायची.

आता ती भोकावर वाकली. "एवढं काही नाही. आतून कापडाची पट्टी लावू. वरून भुसा भरला की नेहमीसारखं..."

तिने जीभ चावली.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "भुसा चाळून घेतेस ना तू? छान बसतो. फक्त लाकडाच्या रेषेच्या आडवं घासतेस."

ती स्टूल ओढून बसली. "कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्या कामावर आडवा ओरखडा कधी बघितलायस?"

"मग बोलला का नाहीत?"

मिस्त्रींनी गॅलरीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

"बोललो असतो तर तू भरायचं थांबली असतीस. मग सकाळी उठून मी काय केलं असतं?"

 ती उठली, जुन्या उशीच्या अभ्र्याची पट्टी फाडून आणली. भोकाला आतून चिकटवली, वरून भुसा भरला. वाळेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली. मध्ये तिने चहा केला. तो कुणी प्यायला नाही.

मग मिस्त्रींनी मशीन तिच्यापुढे सरकवलं. "धर."

"मला नाही जमायचं."

"मलाही नाही जमत. निदान तुझा हात तुझं ऐकतो तरी."

त्यांनी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घातले आणि वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे ते हातांवरच बसले. तिने बटण दाबलं. मशीन मुठीत जिवंत झालं.

"दाबू नको. पट्टा फिरतोय, त्याचं काम त्याला करू दे. पुढून मागे. रेषेबरोबर. एका जागी थांबू नको. हां. उचल आता."

ती उचलायची, पुन्हा टेकवायची. भुशाचा पिवळट थर तिच्या मनगटावर बसत गेला. डोळ्यांत धूळ गेली म्हणून तिने दोनदा थांबून पदराने डोळे पुसले. मिस्त्री दोन्ही वेळा दुसरीकडे बघत होते.

"हात फिरवून बघा," मशीन बंद करून ती म्हणाली.

त्यांनी उजवा हात मांडीखालून काढला. बोटं लाकडावर टेकली, पण ठरेनात. टकटक टकटक वाजत राहिली. त्यांनी हात परत घेतला.

मग ते वाकले आणि लाँचच्या डाव्या बाजूला त्यांनी गाल लावला. डोळे मिटून तो सावकाश पुढून मागे नेला. एकदा. पुन्हा एकदा.

"इथे अजून जरासं खडबडीत आहे," ते म्हणाले.

तिने मशीन उचललं आणि ती वाट बघत उभी राहिली. मिस्त्रींनी गाल उचलला नाही.