मधलं पाणी

थोरल्या बहिणीशी, गुनवोरशी, कडाक्याचं भांडण झालं तेव्हा दाग्नी तडक समोरच्या बेटावर जाऊन राहिली. मध्ये उथळ समुद्र होता. पण हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्यानं दबलेली फिनलंडच्या किनाऱ्याची जमीन अजूनही हळूहळू वर येत होती. दोघी म्हाताऱ्या होईतो मधलं पाणी सरलं आणि तिथं गवत उगवलं.

एका सकाळी गुनवोर वेलदोड्याचा पाव घेऊन चालत दारात आली.

"इथं पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं होतं ना, ताई?"

"मी कुठं आले? तुझं बेटच माझ्या अंगणाला येऊन चिकटलंय."

दाग्नीनं हसू दाबत कॉफी ठेवली. "चाळीस वर्षं लावलीस. होडीनं यायला काय झालं होतं?"

"घरातली एकुलती एक होडी तूच घेऊन गेलीस ना, बये."