खांबाचं कुंकू

डान्स बार बंद झाले त्या वर्षी आमच्या लेकीनं, दिशानं, सातिवलीच्या भंगारवाल्याकडून नाचाचा पितळी खांब आणला, घरी सराव करायला. काळा पडलेला, चिकट.

"बारमधली घाण माझ्या घरात नको," यजमान म्हणाले. "उद्या फेकून येतो."

मी आवाज चढवत नाही. पण त्या 'घाण' शब्दानं माझं डोकं तापलं. देवाच्या भांड्यांसारखा तो खांब मी चिंचेनं घासून लखलखीत केला. दिशानं हॉलमध्ये जमिनीपासून छतापर्यंत घट्ट बसवला. फ्रीज आला तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, तसं यालाही वाहिलं, कमरेच्या उंचीवर.

सकाळी पूजेला उठले, तर कुंकू माझ्या कपाळाच्या उंचीवर होतं.

"तू लावलंस गं?"

"आई, मी आत्ता उठतेय."

मी ते पुसलं, पुन्हा खाली लावलं. देवापुढं निरांजन लावून वळले, तर ते परत वर, ओलं.

तेवढ्यात यजमान पाना घेऊन आले. "असल्या जागी मी जन्मात पाय ठेवला नाही, आणि माझ्याच घरात हे?"

"मग काढा की," मी दात आवळून म्हणाले.

त्यांनी खांबाला हात लावला आणि थबकले. पितळेत बघत, माझ्याशी कधीच बोलले नाहीत इतक्या मऊ आवाजात म्हणाले, "स्वप्ना, तू इथं?"

आमच्यात स्वप्ना नावाचं कुणी नाही.

कुणी चेहरा वळवावा तसं कुंकू खांबावरून सावकाश फिरलं आणि त्यांच्यासमोर येऊन थांबलं.