बहिणीकडे

"आज पाहुणे येणार आहेत, सुट्टी पुढच्या रविवारी घे," मॅडम नेहमीप्रमाणे म्हणाल्या.

तेरेसिता बुटांचे बंद बांधत राहिली. फिलिपिन्सहून हाँगकाँगला ती घरकामाला आली, मागोमाग धाकटी बहीणही आली. पण एकाच शहरात राहून दोघींची वर्षभर गाठ पडली नव्हती.

"स्वयंपाक तयार आहे, मॅडम. मी रात्री येईन."

"आणि मी येऊ नकोस म्हटलं तर?"

गावाकडे आईचं औषधपाणी तेरेसिताच्याच पगारावर चाललं होतं. तरी ती उठली.

"मग उद्या कपडे न्यायला येईन."

ती लिफ्टने निघाली. खाली पोचते तोच फोन वाजला. मॅडमचा सूर आता मवाळ होता.

"किती वाजता येशील?"

"बहिणीबरोबर जेवून येईन," तिने सांगितलं.