पहिली दहा मिनिटं

प्रश्न फळ्यावर होता : तुमच्या गल्लीत पाणी का तुंबतं?

दहा मिनिटं शिक्षकांनी तोंड उघडायचं नाही. नियम देवयानीचा. ती स्थापत्य शिकवायची, तिचा बंगाली सहकारी शंतनुदा इतिहास. हा वर्ग दोघांचा मिळून, मुलं पाच विभागांतली. बंगालमधल्या या विद्यापीठातल्या साठ प्राध्यापकांच्या गळी तिने हा नियम उतरवला होता.

शेवटच्या बाकावर डीन श्यामकांत सर. मांडीवर फॉर्म. वर्ग पुढच्या वर्षी ठेवायचा की बंद करायचा, ते त्यावर लिहिणार.

दुसरं मिनिट. पंखा.

तिसरं. पंखा.

चौथ्या मिनिटाला ती मागे गेली. डीनही तिच्यासारखेच मराठी; मराठीतच कुजबुजले, "देवयानीबाई, मुलं काही वाचून आली नाहीत का?"

"विचार करताहेत, सर."

"कशावरून?"

ती पुढे आली. शंतनुदा खुर्चीत निवांत. "बसा ना, देवयानीदी. नियम तुमचाच आहे."

बसली. उठली. खिडकी लावली. उघडली.

सातवं. यामिनी उभी राहिली. अर्थशास्त्राची, घर मराठी, पण जन्मापासून इथल्याच बेहाला नावाच्या भागात वाढलेली. "मॅम, आमच्या गल्लीत..."

अडली. शब्द जुळवत होती.

डीननी घड्याळ पाहिलं.

थांब, देवयानी. थांब. थां

"बरोबर!" देवयानी म्हणाली.

खडू हातात कधी आला कळलंच नाही. बुजवलेली तळी. गटारांचा उतार. जुना नकाशा, नवा नकाशा, बाण, आणखी बाण. माना फळ्याकडे, वहीकडे, फळ्याकडे, वहीकडे. यामिनी केव्हातरी खाली बसली.

तास संपल्यावर डीननी तिथेच सही केली. "वा! याला म्हणतात शिकवणं. वर्ग चालू राहणार. फक्त ती सुरुवातीची दहा मिनिटं काढून टाका. फुकट जातात."

"हो, सर."

शंतनुदाने पिशवी खांद्याला लावली. "अभिनंदन," म्हणाला, आणि तिच्यासाठी थांबला नाही.

यामिनी अजून बाण उतरवून घेत होती. देवयानी तिच्या बाकापाशी गेली. "मघाशी तुलाही तळ्यांचंच सांगायचं होतं ना गं?"

यामिनीचं मराठी घरापुरतं होतं. अडखळतच आलं.

"नाही, मॅम. बाजूच्या सगळ्या गल्ल्यांत तुंबतं. आमच्या गल्लीत तुंबत नाही. का, ते मला माहीत नाही. सगळ्यांना विचारणार होते."