मांजर सापडलं का?

"आ करा. अजून मोठा. आता वर चित्राकडे बघा आणि त्यातलं मांजर शोधा," दातांचे डॉक्टर म्हणाले.

खुर्चीत ट्रक ड्रायव्हर होता. भर पावसात घाट उतरताना न डगमगणारा गडी, पण पक्कड पाहून त्याला दरदरून घाम फुटला होता.

छताला भलंमोठं चित्र होतं. एक गल्ली, जिने, खिडक्या, वाळत घातलेले कपडे आणि माणसंच माणसं. ते डॉक्टरांच्या बायकोनं काढलेलं. लग्नानंतर तिनं दिलेली ती पहिली भेट. भिंतींवर जागा नव्हती, म्हणून डॉक्टरांनी छताला ठोकली.

"एकदा तरी नीट बघितलंत का?" हा तिचा जुना सवाल.

"रोज डोक्यावरच तर असतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आज मात्र तिनं सोक्षमोक्ष लावला होता. संध्याकाळी चित्र उतरणार आणि वाचनालयात जाणार. "तिथे बघणारे तरी भेटतील," ती म्हणाली होती. म्हणताना तिला वाईट वाटलंच.

ड्रायव्हरचे डोळे गल्लीभर फिरले, एका जागी थबकले, आणि तेवढ्यात दाढ बाहेर!

तोंडात कापसाचा बोळा, बोलणार कसा? त्यानं छताकडे बोट दाखवलं, मग डॉक्टरांकडे, आणि पोट धरून हसत बाहेर पडला.

बायको शिडी घेऊन आत आली.

"पठ्ठ्यानं माझी थाप पकडली," डॉक्टर म्हणाले.

"कसली थाप?"

"अगं, मांजरबिंजर काही नाही. पेशंट शोधत बसतो, तोवर माझं काम उरकतं."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं शिडी भिंतीला टेकवली.

"आडवे व्हा खुर्चीत."

"अगं, चहा गार होतोय."

"होऊ दे."

डॉक्टर निमूट आडवे झाले. आधी नुसती गर्दीच दिसली. मग तावातावानं भांडणाऱ्या दोघी दिसल्या. सायकल पुसणारा म्हातारा दिसला. खिडकीतून कुणीतरी त्याच्याच डोक्यावर पाणी ओतत होतं. डॉक्टर खुदकन हसले. त्यांना मजा येऊ लागली.

आणि जिन्याच्या पायरीवर चक्क मांजर! करडं, गाढ झोपलेलं.

"अगं, आहे की खरंच!"

"कुणाच्या मांडीवर आहे?" बायकोनं विचारलं.

मांडी एका तरुणाची होती. मांजराची झोप मोडू नये म्हणून बिचारा अवघडून बसला होता. त्याचा चेहरा डॉक्टर रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत होते.