आधी तोंड बघावं

“सोमवारी बघतो म्हणालो ना, मावशी,” वेबसाइटवाला स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. “आज शुक्रवार. माझ्या डोक्यावर दहा कामं आहेत.”

बाई समोरच्या खुर्चीत बसली. तिला कोणी बस म्हणालं नव्हतं. तीस वर्षं ती सायकल स्टँड चालवत होती; कोणी बस म्हणायची वाट बघत राहिली असती तर उभ्यानेच म्हातारी झाली असती.

“जावई थांबेल का सोमवारपर्यंत? तू सांगतोस त्याला? आज सकाळी जामिनावर सुटलाय. आणि माझ्या लेकीचा नवा पत्ता दवाखान्याने कालच तुझ्या त्या फॉर्मात भरलाय.”

“मावशी, तिथे लॉगिन लागतं. कोणीही उठून बघू शकत नाही.”

“तोही लॉगिन करूनच आला होता. स्वतःच्या नावाने, गुडघा दुखतो म्हणून. आपली नोंदणीची चिठ्ठी उघडली आणि वरच्या पट्टीतला आकडा एकेकाने मागे नेत गेला. दोनशे सतरा परक्या चिठ्ठ्या वाचल्या मेल्याने. मग माझी लेक सापडली. पोलिसांना कौतुकाने सांगत होता.”

हाडांच्या दवाखान्याची माणसं घरी येऊन व्यायाम करून घेत. म्हणून फॉर्मात सगळं विचारलं होतं: पत्ता, मजला, घरी कोण असतं, केव्हा असतं. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या लेकीने खरं ते लिहिलं. तिसरा मजला. दुपारी एकटी. तिच्या डाव्या हाताचं प्लास्टर निघून आठच दिवस झाले होते. नवऱ्याने येऊन उजवा मोडला.

“तो भाग मी लिहिलेलाच नाही,” वेबसाइटवाला म्हणाला. “प्लगइन असतं ते. तयार मिळतं. हजारो लोक वापरतात. आपण नुसतं आणून लावायचं.”

“कुलूप मीही तयारच आणते. लावलं की दोनदा ओढून बघते. तू ओढलं होतंस?”

तो हसला. “तुम्हाला नाही कळायचं ते.”

तेवढं तो बोलायला नको होता.

“अक्षरं मला अडखळतच येतात,” बाई म्हणाली. “आकडे नाही. रोज चारशे सायकली लावते मी. एक्केचाळीस नंबरचा बिल्ला कोणाच्याही हातात असू शकतो. रस्त्यात सापडलेला, कोणाच्या खिशातून मारलेला. म्हणून मी आधी तोंड बघते, मगच सायकल सोडते. तुझं दार नुसता आकडा बघतं.”

तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. “काल मीही स्वतःच्या नावाने एक चिठ्ठी केली. मग आकडा पुसला आणि एक टाकला. म्हटलं, बघू तरी, पहिला मान कोणाचा. वाच.”

त्याने वाचलं. फॉर्म चालतो की नाही हे बघायला तीन वर्षांपूर्वी त्यानेच ती चिठ्ठी भरली होती. खोटं नाव शोधायचा कंटाळा केला होता. त्याचं घर, त्याचा मजला, बायकोचा फोन. घरी कोण असतं: बायको. केव्हा: दुपारी, एकटी.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. त्याचा फोन वाजला. बायकोचा आवाज इतका चढला होता की बाईलाही शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“अरे, दारात एक माणूस उभा आहे. माझं नाव माहितेय त्याला. म्हणतो, दुपारी एकट्याच असता ना? आणि आता काहीच बोलत नाही. नुसता उभा आहे.”

“उघडू नकोस! अजिबात उघडू नकोस!” त्याची खुर्ची मागे आपटली. “मावशी, कोण आहे तो?”

“मला काय विचारतोस? आकडा ठाऊक असला की कोणीही येतं. आधी ते बंद कर.”

“मला घरी जाऊ द्या...”

“तुझं घर बारा मिनिटांवर आहे. मी लेकीकडे पोचले तेव्हा वीस मिनिटं उलटून गेली होती. तुझ्या बायकोचं दार तरी लागलंय. माझी लावायला गेली तेव्हा फटीत बूट होता.”

तो कीबोर्डाकडे वळला. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला आणि त्याने तो फॉर्मच बंद केला. बाईने आपल्या फोनवर पुन्हा एक टाकून बघितला. पान कोरं. मग लेकीच्या चिठ्ठीचा आकडा टाकला. तेही कोरं. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नव्हती.

“बघ,” ती म्हणाली, “सोमवार किती लवकर आला.”

तो ऐकायला थांबलाच नाही. जिन्यावर त्याची धडपड ऐकू आली आणि मग खाली रस्त्यावर कोणाला तरी दिलेली धडक.

बाईने आपल्या थोरल्या मुलाला फोन लावला. “झालं रे काम. उतर खाली. वाटेत तो धावत येताना दिसेल. ओळख देऊ नकोस.”

“आई, ती आत रडतेय गं. ‘काही नाही ताई, घाबरू नका,’ एवढं सांगून येऊ का दारातून?”



“नको,” ती म्हणाली. “त्याला सांगू दे. तू कोण आणि का आलास, ते त्याच्याच तोंडून कळू दे तिला.”

ती उठली. ऑफिस उघडंच होतं, दिवे चालू, पंखा चालू. तिने बाहेर येऊन दार ओढून घेतलं. कुलूप आपोआप लागल्याचा आवाज झाला.

तिने ते दोनदा ओढून बघितलं. मग जिना उतरली.