पाठ फिरवून ऐकलेली श्रुतिका

एकाहत्तर साली दर गुरुवारी दिवेलागणीनंतर रेडिओवर एक विज्ञान-श्रुतिका लागायची. त्यात परग्रहावरचे जीव माणसाचं रूप घेऊन हिंडायचे आणि दार उघडं दिसेल त्या घरात शिरायचे. आमची सून चांगुणा लग्न होऊन श्रीरामपूरहून शिंगणापुरात नुकतीच आली होती. मी तिला मागची सगळी गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "डोळे मिटून ऐकायचं, मधे काही विचारायचं नाही."

पण ती रेडिओकडे पाठ करून बाहेरच्या अंधाराकडे टक लावून बसायची.

"अवो, ही कुनाची तरी वाट बघती," बायको, गोजरबाई, माझ्या कानाशी लागली. "हिला माहेरी धाडा." मला तसं वाटत नव्हतं, पण माझं वाटणं बहुधा चुकतं, म्हणून मी रेडिओचा आवाज वाढवला.

पुढच्या गुरुवारी गोजरबाईने श्रुतिका ऐन रंगात असताना रेडिओ बंद केला. "बोल, कोन येनार हाय?"

चांगुणा रडवेली झाली. "आत्याबाई, गोष्टीतली मानसं निदान कडी तरी लावत्यात. आपल्या घराला दारच न्हाई."

"अगं, शनिदेव हाय की राखन करायला!"

"चोरांना ठावं हाय देव. पर ही वरून आल्याली, यांना कोन सांगनार?"

गोजरबाईने रेडिओ पुन्हा लावला.



त्यानंतरच्या गुरुवारी उंबऱ्यापाशी दोघी बसल्या होत्या, आणि गोजरबाईच्या मांडीवर मुसळ होतं.